लॅपटॉपची डिस्क बदलल्यावर



आजचा विषय तसा रूक्ष वाटेल. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून तिथं दुसरी बसवली, की पुष्कळदा यंत्र रुसतं. कधी सुरूच होत नाही, कधी निळा पडदा दाखवतं, कधी सुरू होऊन आपल्याच फायली ओळखत नाही. अशा वेळी काय करावं, आणि त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे काय करू नये, याविषयी मी आज चार गोष्टी सांगणार आहे.

हा विषय शहरातल्या लोकांचा, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण संबंध आपलाच जास्त आहे. आपलं शिरड शहापूर घ्या. औंढा नागनाथ तालुक्यातलं, मल्लिनाथाच्या मंदिरामुळे दूरवर माहीत असलेलं हे गाव. भोवती हळद आणि सोयाबीन पिकवणारा मुलूख. अशा गावातल्या शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा लॅपटॉप बिघडला, तर तो पिशवीत घालून वसमतला, हिंगोलीला, नाहीतर थेट नांदेडला न्यावा लागतो. एक दिवस जायचा, एक आणायचा, आणि मधे तो तिथं पडून राहायचा. शाळेची पटसंख्या भरायची मुदत मात्र थांबत नाही. म्हणून दुरुस्तीचं थोडं ज्ञान जवळ असावं, हे बरं.

शिवाय वेळही तशीच आली आहे. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि त्या काळात कित्येक गावांनी लोकवर्गणी करून शाळा ‘डिजिटल’ केल्या. कुणी हजार दिले, कुणी पाचशे. त्या पैशांतून आलेले लॅपटॉप आता म्हातारे झाले आहेत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज १०’ची नियमित देखभाल थांबवली. यंत्र रखडतं, म्हणून कुणीतरी सांगतं, “गुरुजी, एसएसडी टाका, घोड्यासारखं पळेल.” सल्ला बहुधा खरा असतो. पण घोडा बदलताना पाठीवरचं ओझं खाली पडू नये, एवढी काळजी घ्यावी लागते. ते ओझं म्हणजे मुलांचे निकाल, शिष्यवृत्तीच्या याद्या, पालकांची खाती, आणि दहा वर्षांचे स्नेहसंमेलनाचे फोटो.

डिस्क म्हणजे काय

आधी ही वस्तू समजून घेऊ. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क म्हणजे एका डबीत बंद केलेली चकचकीत तबकडी. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी सरकत लोहचुंबकीय खुणा वाचते. ग्रामोफोन ज्यांनी पाहिला असेल त्यांना कल्पना येईल. फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, आणि ही दांडी टेकत नाही. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर ती तरंगते. म्हणूनच चालू लॅपटॉप आपटला, तर दांडी तबकडीला घासते आणि माहिती कायमची जाते.

या जातीचं पहिलं यंत्र आयबीएम कंपनीनं १९५६ साली बाजारात आणलं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज मोबाइलनं काढलेल्या दोन-तीन फोटोंतच तेवढी जागा संपते.

एसएसडी ही नवी जात. तिच्यात फिरणारं काही नाही. सगळा कारभार चिपांवर. म्हणून ती आवाज करत नाही, धक्का सोसते आणि वेगानं चालते. तिच्यातही दोन रूपं आहेत. एक अडीच इंची डबी, जुन्या डिस्कच्याच आकाराची. दुसरी च्युइंगगमच्या पट्टीसारखी, तिला ‘एम-टू’ म्हणतात. बहुधा ही पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते.

आता मुख्य मुद्दा ध्यानात घ्या. डिस्कमध्ये दोन गोष्टी नांदतात. एक आपली माहिती, म्हणजे घरातलं सामान. दुसरं विंडोज, म्हणजे घर चालवणारा कारभारी. डिस्क बदलली की सामानही बदलतं आणि कारभारीही बदलतो. पुढचे सगळे घोळ या एका गोष्टीतून निघतात.

बदलही तीन तऱ्हेचा असतो. पहिली तऱ्हा: कोरी डिस्क बसवून तिच्यावर विंडोज नव्यानं घालणं. दुसरी: जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवणं, जिला ‘क्लोन’ म्हणतात. तिसरी: एका लॅपटॉपचा पडदा फुटला, म्हणून त्याची डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घालणं. पहिल्या तऱ्हेत कारभारी नवा आणि घर रिकामं. दुसरीत सगळं जुनंच, फक्त कोठार नवं. तिसरीत कारभारी जुन्या वाड्याचा आणि वाडा मात्र परका. आपण यांतलं काय केलं आहे, हे दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांगावं. त्याचं अर्धं काम तिथंच होतं.

उघडण्यापूर्वी

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी चार कामं करा.

पहिलं, माहितीची प्रत काढा. जुनी डिस्क अजून चालत असेल तर हीच वेळ. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो ही चार ठिकाणं तर घ्याच. शिवाय ‘सी’ आणि ‘डी’ या दोन्ही भागांत कुणी वेगळं फोल्डर केलं आहे का, तेही पाहा. इथं एक समजूत दुरुस्त करायला हवी. सरल, यू-डायस प्लस किंवा शालार्थ या संकेतस्थळांवर आपण भरलेली माहिती तिकडच्या संगणकावर असते; डिस्क बदलल्यानं ती जात नाही. पण भरण्यापूर्वी तयार केलेला एक्सेलचा तक्ता, उतरवून ठेवलेली पावती, घरी तयार केलेली प्रश्नपत्रिका ही आपल्याच डिस्कवर असते. आणि ब्राउझरनं आपल्यासाठी लक्षात ठेवलेला पासवर्डही बहुधा तिथंच असतो. ‘पासवर्ड टाकावाच लागत नाही, आपोआप येतो’ असं ज्या गुरुजींना वाटतं, त्यांनी तो आधी वहीत उतरवून घ्यावा.

दुसरं, कुलूप पाहा. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत विंडोज डिस्कला आपोआप कुलूप लावतं. त्याला ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. त्याची किल्ली ४८ आकड्यांची असते. सेटिंग्जमध्ये हे कुलूप चालू दिसलं तर किल्ली कागदावर उतरवा, नाहीतर कुलूप बंद करून ते पुरतं उघडेपर्यंत थांबा. या एका कामाचा आळस सगळ्यांत महाग पडतो.

तिसरं, योग्य वस्तू आणा. अडीच इंची डिस्कची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. पातळ लॅपटॉपात जाड डिस्क बसत नाही. एम-टू पट्टीचं तर विचारूच नका. ‘साटा’ जातीची आणि ‘एनव्हीएमई’ जातीची पट्टी जवळजवळ सारखीच दिसते, खाचेतही कधी कधी दोन्ही बसतात, पण लॅपटॉप ज्या जातीचा आहे तीच चालते. दुकानात जाताना लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या, जमलं तर जुनी डिस्कच दाखवा.

चौथं, यंत्र खरोखर बंद करा. विंडोज बंद करताना ते पुष्कळदा अर्धवट झोपतं, म्हणजे उद्या लवकर उठता यावं. अशा झोपेत डिस्क उपटू नये. शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ करा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं. मग चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर झाकण उघडल्यावर तिची जोडणी सोडवा. त्यानंतर चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा; आत राहिलेली वीज निघून जाते. स्क्रू कुठला कुठून काढला, हे कागदावर लॅपटॉपची आकृती काढून तिथंच चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर आतल्या पट्टीला भोक पडतं.

दोष शोधण्याची रीत

शेतातला पंप चालला नाही तर शहाणा शेतकरी काय करतो? आधी वीज आहे का बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग मोटर, आणि शेवटी विहिरीतला फूटव्हॉल्व्ह. एकदम मोटर उचकटत नाही. आपली रीत तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, आणि तो लिहून ठेवायचा. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर दुरुस्त झालं तरी कशानं झालं हे कळत नाही, आणि बिघडलं तर कशानं बिघडलं हेही कळत नाही.

पहिला प्रश्न: यंत्रात जीव आहे का? बटण दाबलं आणि दिवाच लागला नाही, तर दोष डिस्कचा बहुधा नसतो. बॅटरीची जोडणी परत लावायची राहिली असेल. दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो, तर झाकण उघडताना रॅमची पट्टी हलली असेल. ती काढून पुन्हा नीट बसवा. शंका असेल तर डिस्क बाहेर काढून यंत्र नुसतं चालू करा. डिस्कवाचूनही पडद्यावर काहीतरी अक्षरं उमटलीच पाहिजेत. उमटली, तर यंत्र जिवंत आहे.

दुसरा प्रश्न: यंत्राला डिस्क दिसते का? हे विचारायचं ठिकाण विंडोज नव्हे. विंडोज उठण्यापूर्वी जागं होणारं एक मूळ दप्तर लॅपटॉपात असतं; त्याला ‘बायोस’ किंवा नव्या यंत्रांत ‘यूईएफआय’ म्हणतात. चालू करताक्षणी ठराविक कळ दाबत राहिलं की ते उघडतं. डेल, एसर, एसूस यांत बहुधा एफ-२, एचपीत एफ-१०, लेनोव्होत बहुधा एफ-२, आणि त्यांच्याच थिंकपॅडमध्ये एफ-१. तिथं डिस्कचं नाव आणि आकार दिसायला हवा. दिसत नसेल तर पुढं जाण्यात अर्थ नाही. डिस्क काढा, टोकं पाहा, पुन्हा बसवा. काही लॅपटॉपांत डिस्क एका पातळ पट्टीसारख्या वायरीनं जोडलेली असते. ती वाकली किंवा तिरकी बसली की डिस्क अदृश्य होते. तरीही दिसेना, तर तीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहा. तिथं दिसली तर दोष वायरीचा किंवा जातीचा. तिथंही दिसली नाही तर डिस्कच मेलेली आहे, दुकानदाराकडे परत न्या.

तिसरा प्रश्न: डिस्क दिसते, पण विंडोज उठत नाही, असं आहे का? पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ अशी ओळ येते. डिस्क अगदी कोरी असेल, तर ही तक्रार खरीच आहे. कारभारीच नाही, मग घर चालवणार कोण? तिच्यावर विंडोज घालावं लागेल. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तयार करता येतो. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

पण क्लोन केलेली किंवा दुसऱ्या यंत्रातून आणलेली डिस्क असूनही हीच ओळ आली, तर दोन गोष्टी तपासा. एक, बूटचा क्रम. यंत्र आधी कुठं पाहतं? पेनड्राइव्ह, नेटवर्क, की आपली डिस्क? डिस्क वर आणा. दुसरी, बूटची तऱ्हा. जुनी तऱ्हा ‘लेगसी’, नवी ‘यूईएफआय’. विंडोज ज्या तऱ्हेनं घातलं असेल, त्याच तऱ्हेनं ते उठतं. जुन्या लॅपटॉपात लेगसी होती आणि नव्यात यूईएफआय आहे, तर डिस्क चांगली असूनही यंत्र तिला ओळख देत नाही. जुनी तऱ्हा उपलब्ध असेल तर तात्पुरती लावून पाहा. तरीही उठलं नाही, तर विंडोजच्या पेनड्राइव्हनं सुरू करून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधली ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. त्याच पडद्यावर ‘इन्स्टॉल’ हे बटणही असतं. त्याला हात लावू नका. एकाच्या जागी दुसरं दाबलं तर होत्याचं नव्हतं होईल.

क्लोनविषयी एक नियम सांगतो. नक्कल पुरी झाली की जुनी डिस्क बाहेर काढून ठेवा, आणि पहिल्यांदा फक्त नवीवर यंत्र सुरू करा. दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळे दोन्ही एकत्र जोडल्या, तर विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला सारतं. कित्येकदा यंत्र जुन्याच डिस्कवरून चालत राहतं, आणि आपल्याला वाटतं की बदल झाला. नक्कल चालू असताना लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या आणि चार्जरही लावलेला असू द्या. भारनियमनाची वेळ टाळा.

चौथा प्रश्न: विंडोज उठायला लागतं आणि निळा पडदा येतो का? त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी अक्षरं असली, तर कारभाऱ्याला कोठाराची वाट सापडत नाही, असं समजा. मूळ दप्तरात डिस्कशी बोलायच्या वेगवेगळ्या रीती असतात. एक ‘एएचसीआय’, दुसरी ‘रेड’, काही नव्या इंटेल यंत्रांत ‘व्हीएमडी’. जुन्या यंत्रात जी रीत होती तीच नव्यात लावून पाहा. म्हणूनच मी म्हणतो, जुना लॅपटॉप सोडण्यापूर्वी त्याच्या मूळ दप्तरातल्या पानांचे मोबाइलनं फोटो काढून ठेवा. पडदा फुटला असेल तर टीव्हीला जोडून पाहता येतं का, ते बघा. रीत बदलून उपयोग झाला नाही तर आज्ञा देऊन करायचे आणखी उपाय आहेत. पण ते रेडिओवरून ऐकून उतरून घेताना एक अक्षर चुकलं तर भलतंच होईल. ते जाणकाराच्या समोर बसून करावेत.

पाचवा प्रश्न: यंत्र किल्ली मागतं का? निळ्या पडद्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ असे शब्द आले, तर घाबरू नका. डिस्क नव्या घरात आली म्हणून कुलूप सावध झालं आहे, एवढंच. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात ती ४८ आकड्यांची किल्ली बहुधा जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा. पडद्यावर किल्लीची ओळख पटवणारा क्रमांक दिसतो. तो जुळवून घ्या. इथंच शाळांची अडचण होते. लॅपटॉप शाळेचा, पण खातं काढलेलं एखाद्या शिक्षकाच्या नावानं, आणि त्यांची बदली झालेली! त्यांना फोन करा. किल्ली त्यांच्याच खात्यात असेल. ती मिळाली नाही तर ती माहिती कुणालाही उघडता येत नाही. पैसे घेऊन उघडून देतो, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि किल्लीही फोनवर कुणा परक्याला सांगू नका.

सुरू झालं, पण…

समजा हे पाचही प्रश्न पार पडले आणि विंडोज उठलं. तरी काही कुरबुरी राहतात.

वायफाय चालत नाही, आवाज येत नाही, पडद्यावरची अक्षरं बेढब दिसतात. याचं कारण ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या एकेका अवयवाशी बोलणारा दुभाषा. नव्या यंत्राला त्याचे स्वतःचे दुभाषे हवेत. वायफायच नाही तर ते उतरवायचे कसे? मोबाइल यूएसबीच्या वायरीनं जोडा, ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. बहुधा इंटरनेट मिळतं. मग विंडोज अपडेट चालवा, आणि उरलेले ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या.

घड्याळ चुकलेलं दिसलं, तर ते आधी दुरुस्त करा. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळं उघडायलाच नकार देतात, आणि आपण उगाच इंटरनेटला दोष देतो.

‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी सूचना आली, तर हे ध्यानात ठेवा: विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. म्हणून त्याच लॅपटॉपात डिस्क बदलली तर परवाना जात नाही. इंटरनेट मिळाल्यावर तो आपोआप परत लागतो. दुसऱ्या लॅपटॉपात डिस्क घातली, तर त्या लॅपटॉपचा स्वतःचा परवाना असायला हवा.

नवी डिस्क ५०० जीबीची घेतली आणि यंत्र ४६५ च दाखवतं, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. माल तेवढाच, मापं दोन. पण क्लोन केल्यावर ५०० च्या डिस्कवर २३० च दिसले, तर उरलेली जागा न वाटलेल्या जमिनीसारखी पडून आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ती जोडून घेता येते.

आता खास आपला मराठी घोटाळा. नवं विंडोज घातलं, जुन्या फायली परत आणल्या, प्रश्नपत्रिका उघडली, आणि समोर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी! गुरुजींना वाटतं फाइल सडली. फाइल शाबूत असते. पूर्वी पुष्कळांनी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलेखन केलं. त्या पद्धतीत आत साठवलेलं अक्षर वेगळंच असतं. फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. नव्या विंडोजमध्ये तो मुखवटा नसतो. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचा कप्पा असतो. त्यातून तो फॉन्ट आणून बसवला की प्रश्नपत्रिका पुन्हा मराठी बोलू लागते. पण पुढचं काम युनिकोडमध्ये करा. युनिकोडची मराठी मोबाइलवरही दिसते आणि डिस्क बदलली तरी भाषा बदलत नाही.

आणि एवढं करूनही यंत्र रखडत असेल तर? पहिला दिवस जाऊ द्या. नवं विंडोज आधी स्वतःचीच कामं उरकत असतं. तरीही रखडलं तर रॅम पाहा. कोठार मोठं केलं पण ओटा वीतभरच ठेवला, तर स्वयंपाक लवकर होत नाही. ‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण प्रत्यक्षात ८ असली तर काम सुखानं चालतं. शिवाय ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सोयही हवी असते. ती अनेक जुन्या लॅपटॉपांत नाही. नुसत्या नव्या डिस्कनं ती येणार नाही, हे वर्गणी काढण्यापूर्वीच गावाला सांगावं.

जुन्या डिस्कचं काय?

शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. बहुतेक नुकसान नव्या डिस्कमुळे होत नाही. जुनीला केलेल्या घाईमुळे होतं.

जुनी डिस्क यूएसबीच्या पेटीत घालून जोडली, की कधी विंडोज विचारतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का?’ किंवा ‘इनिशिअलाइज करायची आहे का?’ नव्या कोऱ्या डिस्कला हो म्हणायला हरकत नाही. माहिती असलेल्या डिस्कला मात्र ‘नाही’ म्हणा. शंभर वेळा विचारलं, तरी शंभर वेळा नाही. फोल्डर उघडताना ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं म्हणालं, तर ती जुन्या कारभाऱ्याची शिस्त आहे. ‘कंटिन्यू’ दाबलं की बहुधा दार उघडतं.

डिस्कमधून टकटक असा ठराविक आवाज आला, तर वीज ताबडतोब तोडा. दांडी आपटत असते. तिला पुन्हा पुन्हा चालू करणं, तिच्यावर ‘चेक डिस्क’ चालवणं, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून फ्रीजमध्ये ठेवणं, हे सगळं टाळा. अशा डिस्कवरून आधी जमेल तेवढी प्रत, मग बाकी सगळं. आणि माहिती फारच मोलाची असेल, तर डिस्क न छेडता माहिती काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. एसएसडीचं तर आणखी वेगळं आहे. तिच्यावरून पुसलेली फाइल ती स्वतःच लवकर साफ करून टाकते, आणि मग ती परत मिळण्याची आशा फार थोडी.

शाळेसाठी आणखी एक. जुनी डिस्क ही शाळेची मालमत्ता आहे. दुरुस्तीच्या दुकानात ती सोडून येऊ नका. डेडस्टॉक रजिस्टरात बदलाची नोंद करा: कोणती डिस्क काढली, कोणती बसवली, तारीख काय. मग ती डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवा, निदान एक परीक्षा आणि एक निकाल पार पडेपर्यंत. काय राहून गेलं, हे अशाच वेळी कळतं. पुढे ती टाकायची वेळ आली, तर आधी पुरती पुसा. तिच्यावर मुलांचे आधार क्रमांक आहेत, पालकांची बँक खाती आहेत. ज्या आईनं विश्वासानं पासबुकाची प्रत शाळेत दिली, तिचं खातं भंगाराच्या गाडीतून फिरता कामा नये.

आणि प्रतींचा नियम पाठ करा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. एक लॅपटॉपमध्ये, एक यूएसबी डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा मुख्याध्यापकांच्या घरी. आपल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळासुद्धा माहिती एकाच जागी ठेवून निर्धास्त राहत नाहीत. मग आपण एका डिस्कवर भरवसा का ठेवावा?

तर श्रोतेहो, थोडक्यात सांगायचं तर प्रत आधी, किल्ली हाती, मग स्क्रू. दोष शोधताना जीव आहे का, डिस्क दिसते का, विंडोज सापडतं का, रीत जुळते का, किल्ली मागतं का, या क्रमानं जा. आणि नव्या डिस्कवर सगळं नांदतं आहे अशी खात्री होईपर्यंत जुनीवरचं एक अक्षरही पुसू नका. शिक्षकांनी ही पाच प्रश्नांची यादी एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवावी. सातवी-आठवीच्या मुलांनाही ती समजावून द्यावी. गावात असं एक पोर तयार झालं, तर पुढच्या वेळी वसमतची खेप वाचेल.

नमस्कार.